बारीक आवाज

श्रीपती गाडी कानाने बघायचे. रत्नागिरीत त्यांना ओळखणारा कोणीही हेच सांगायचा. नाचणे रस्त्याला घराच्या पुढच्या अंगाला पत्रे वाढवून त्यांनी गॅरेज थाटलं होतं. स्कूटर अजून वळणावर असायची, तोवर हे आतून हात पुसत म्हणायचे, "टॅपेट वाजतंय," नाहीतर, "चेन सैल झालीय." गाडीवाला उतरून तोंड उघडेपर्यंत पाना हातात आलेला असायचा. देवरूखहून, लांज्याहून माणसं गाड्या घेऊन यायची. कोणी गाडीचं दुखणं सांगायला लागला की यांचं वाक्य ठरलेलं, "गाडी चालू कर आणि तू गप्प बस." एकदा एका वकिलाला असंच म्हणाले. वकील हसून म्हणाला, "अख्ख्या जिल्ह्यात मला गप्प बसवणारे दोघेच. एक जज्जसाहेब आणि एक तुम्ही."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी हेमालाही ऐकायला शिकवलं होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाशी धरायची. "ऐक. आत कोणीतरी दाणे भाजतंय ना? ते बेअरिंग." हेमा लाजून चूर झाली होती, पण दाणे भाजल्याचा आवाज तिला खरंच आला होता. तेव्हापासून स्वयंपाकघरात बसल्या बसल्या तिचा एक कान गॅरेजकडे असायचा. हातात पाना तिने कधी धरला नाही. ते काम यांचं. ऐकणं मात्र दोघांचं.

मागच्या अंगणात विहीर होती आणि विहिरीवर लाकडी रहाट. त्याचा कणा कोरडा पडला की तो किंचाळायला लागायचा. पूर्वी हे दाढी करता करता तोंडाला फेस तसाच ठेवून यायचे, भिंतीतल्या देवळीतली खोबरेलाची बाटली उचलायचे, कण्यात चार थेंब सोडायचे आणि परत जाऊन उरलेला गाल करायचे. त्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तेच एक औषध. फाटकाची बिजागरी, कपाटाचं कुलूप, शिवणाचं मशीन, पाळण्याच्या कड्या, सगळ्यांना खोबरेल. ती बाटली डोक्याला लावायची की दाराला, हे हेमाने कधी वेगळं ठेवलं नव्हतं.

मग एके वर्षी रहाट तीन दिवस ओरडत राहिला आणि हे आले नाहीत. चौथ्या दिवशी हे शेजारीच उभे राहून दात घासत होते. हेमा म्हणाली, "रहाट ओरडतोय हो."

"कुठे?" ते म्हणाले.

हेमाचे हात दोरावर थांबले. मग तिने हसल्यासारखं केलं आणि ते गेल्यावर बाटली आणून कण्यात स्वतःच तेल सोडलं.

त्यानंतर तिला एकेक दिसत गेलं. कुकरची शिट्टी त्यांना येत नव्हती. सकाळी शेवग्यावर बसून गाणारा दयाळ त्यांच्यासाठी नुसता चोच उघडायचा. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. पण जाड आवाज सगळे यायचे. एस.टी. चढाला लागली की यायची, माणसांचं बोलणं यायचं, इंजिनं यायची. मासेवाली जनी घोगऱ्या गळ्याची, ती रस्त्यावरून "भाऊ, बांगडे ताजे हायत!" म्हणाली की हे आतून ओ द्यायचे. त्यामुळे बाहेर कोणाला काही कळलं नाही. हेमाने कोणाला सांगितलंही नाही, त्यांनासुद्धा नाही. शिट्टी झाली की ती गॅस बंद करायची, फोन उचलून त्यांच्या हातात द्यायची, रहाटाला तेल घालायची. दोन वर्षं तिने घरातला प्रत्येक बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी मिटवला.

दोन हजार आठ साली दिवाळीनंतर आम्रपाली बॅटरीवरची स्कूटर घेऊन आली. श्रीपतींचे जुने गिऱ्हाईक बाबाजी, त्यांची ही धाकटी मुलगी, शिरगावकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका. बाबाजी मुंबईची नोकरी संपवून गावी आल्यापासून त्यांची स्कूटर श्रीपतींशिवाय कोणाच्या हाताला लागली नव्हती. ते आदल्या वर्षी गेले.

विजेवर चालणारी गाडी त्या वेळी नवलाची होती. आवाज न करता ती अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा जनी टोपली उतरवत होती. ती दचकून म्हणाली, "बया! ही गाडी हाय का भूत?"

"भूत असतं तर बरं होतं गो जनीमावशी," आम्रपाली म्हणाली. "गुपचूप तरी गेलं असतं. काका, ही चालताना गप्प असते आणि पुढचा ब्रेक दाबला की किंचाळते. बाजारात माणसं वळून बघतात. शाळेच्या फाटकात शिरले की पोरं माझ्या आधीच किंचाळून दाखवतात. ज्याच्याकडून घेतली त्याने दुकान गुंडाळलं. बाबा सांगून गेलेत, गाडी कुठलीही असू दे, हात श्रीपतीचाच."

श्रीपती खूश झाले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी पुढच्या चाकाची भोकाभोकांची चकती बोटाने चाचपली. "डिस्क आहे. बरं. चालव. आणि तू गप्प बस."

आम्रपाली हसत फणसापर्यंत गेली, वळली आणि फाटकाशी येऊन तिने ब्रेक दाबला. काचेवर खिळा ओढावा तसा आवाज झाला. अंगणाच्या दगडी कुंपणावरचा, गडग्यावरचा कावळा उडाला. पडवीत नारळ खवणाऱ्या हेमाचा हात खवणीवर तसाच राहिला.

श्रीपती डोळे मिटून, मान तिरकी करून उभे होते. वाट बघत होते.

"आता दाब ब्रेक," ते म्हणाले.

"दाबला की काका."

"परत."

ती परत गेली, परत आली. गाडी परत किंचाळली. तिसऱ्यांदाही. आम्रपालीला आधी वाटलं काका चेष्टा करतायत, म्हणून ती हसली. मग तिचं हसू आपसूक विरलं. श्रीपतींनी डोळे उघडले. देवळातून बाहेर यावं आणि चपला जागेवर नसाव्यात, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"ठेवून जा," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी ने."

एरवी गाडीला इंजिन असतं. इंजिनाच्या जाड आवाजात एवढीशी खोट लपून जाते. या गाडीला लपायला काही नव्हतंच. तिचा एकच आवाज होता, आणि तो नेमका श्रीपतींना न येणारा.

त्यांनी काम मात्र जसं करायचं तसंच केलं. हेमा दारातून बघत होती. चाक अधांतरी धरून फिरवलं. डिस्कच्या कडेशी तारेचं टोक धरलं आणि ती कुठे वाकडी होऊन तारेला लागते का ते पाहिलं. वाकडी नव्हती. बोल्ट ताणून पाहिले, घट्ट होते. मग डिस्कला चिमटीत धरणारे दोन्ही ब्रेक पॅड काढले. त्यांच्या घासणाऱ्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत होऊन चकाकत होत्या. "हे बघ, हे झालंय," ते स्वतःशीच म्हणाले. खाऱ्या हवेने डिस्कच्या कडेला तांबूस गंजही धरला होता. पॅड त्यांनी पॉलिश पेपरवर घासले, कडा तिरप्या केल्या, डिस्क पेट्रोलने पुसली. त्यात काही चुकलं नव्हतं. चाळीस वर्षांचा हात होता तो.

पण काम झालं की नाही हे पूर्वी कान सांगायचा. आता कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपती स्वतः गाडीवर बसले, फणसापर्यंत गेले, फाटकाशी येऊन त्यांनी ब्रेक दाबला आणि चटकन गडग्याकडे पाहिलं. ते कावळ्याला शोधत होते. कावळा उडतो का, ते बघत होते.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. काल नव्हे, कधीपासूनच ठाऊक असणार.

गडग्यावर कावळा नव्हता. आवाज होता. पहिल्यापेक्षा बारीक, पण होता. नवे घासलेले पॅड डिस्कवर बसायला चार दिवस जावे लागतात, तेवढ्यात तो गेलाही असता. पण हे हेमाला कुठून माहीत असणार!

गाडीवर बसल्या बसल्या, तिच्याकडे न बघता श्रीपती म्हणाले, "गेला ना आवाज?"

उभ्या जन्मात त्यांनी स्वतःच्या कामाबद्दल तिला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"गेला," हेमा म्हणाली.

ते उतरले, चाकावरून एकदा हात फिरवला आणि आंघोळीला गेले. न्हाणीत पाणी पडायला लागलं. हेमा पडवीत उभी राहिली. संध्याकाळी आम्रपाली येणार, ब्रेक दाबणार, गाडी किंचाळणार. मग पोरगी काय म्हणेल? काही म्हणणार नाही. नुसती काकांकडे बघेल. काल बघितलं तसं. तेवढं बघणं यांना पुरेल.

तिने देवळीतली बाटली घेतली. चाकाजवळ उकिडवी बसली आणि रहाटाला सोडायची तसेच चार थेंब डिस्कवर सोडले. चाक हाताने फिरवलं, पलीकडच्या बाजूला आणखी चार सोडले. पदराने वरचा ओघळ पुसला. मग गाडी ढकलत नेली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. मुकाट थांबली. ढकललेलीच गाडी ती, थांबायला कितीसा जोर लागतो! हेमाला वाटलं, कोरडेपणाचंच दुखणं होतं हे. त्या घरात कुरकुरणारं सगळं कोरडेपणानेच तर कुरकुरायचं.

आम्रपाली चार वाजता आली. अंगणात अलगद एक फेरी मारून तिने ब्रेक दाबला आणि टाळ्याच वाजवल्या. "काका, जादू केलीत! उद्या पोरांचा हिरमोड होणार."

"जादू कसली," श्रीपती म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. ती गेल्यावर ते बराच वेळ फाटकाशी उभे होते. जेवताना म्हणाले, "आहे अजून हात. कान काय, असतो नसतो." आणि भाताला आणखी आमटी मागून घेतली. हेमाने वाढली. दोन वर्षांत त्यांना इतकं मोकळं जेवताना तिने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जनी आली ती टोपली न उतरवताच बोलायला लागली. "काकी, बाबाजींची मास्तरीण पडली! परटवण्याच्या उतारावर. म्होरं एस.टी. थांबलेली, हिची गाडी काय थांबंना. पोरीनं तशीच चिऱ्याच्या गडग्यावर घातली. म्हणून वाचली बाय. उजवा हात पार लोंबतोय."

हेमाने डोळे मिटून हात जोडले. जनीला वाटलं मायेपोटी.

दुपारी आम्रपालीचा भाऊ प्रज्ञेश टेंपोतून गाडी घेऊन आला. हात दोन जागी मोडला होता, सळई घालावी लागणार होती. सांगताना तो श्रीपतींकडे बघत नव्हता. वाकडं झालेलं पुढचं चाक श्रीपतींनी मोकळं केलं. पॅड काढला. त्यावरून अंगठा फिरवला, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. मग बोट नाकाशी नेलं.

हेमा दारात उभी होती. गॅरेजमध्ये ग्रीस होतं, ऑइल होतं, पेट्रोल होतं. खोबरेल तिथे कधीच नसायचं. त्याला राहायला एकच जागा होती, देवळी. श्रीपतींनी बोट फडक्याला पुसलं. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"काय झालं होतं काका?" प्रज्ञेशने विचारलं.

"डिस्कवर तेल राहिलं. तेल असलं की पॅड धरत नाही, सरकतो. हळू चालवताना कळत नाही, उतारावर कळतं. चूक माझी."

"तेल? तुमच्या हातून?" प्रज्ञेशचा राग एकदम ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. "बाबा म्हणायचे, डोळे मिटून..."

"अरे प्रज्ञेश, ते तेल..." हेमा पुढे झाली.

"हेमा," श्रीपती म्हणाले, "चहा ठेव."

चाळीस वर्षांत त्यांनी चार माणसांत तिला नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' म्हणायचे, 'ऐकलंस का' म्हणायचे. जुन्या रीतीचा माणूस. ते नाव ऐकून हेमा आत वळली. तिने चहा ठेवला. प्रज्ञेश तो न घेताच गेला.

आठ दिवसांनी दोघं आम्रपालीला बघायला गेले. हात प्लॅस्टरमध्ये, गालावर खरचटल्याची खपली. पोरगी बिचारी त्यांनाच धीर देत होती. "काका, मीच उतारावर वेगात होते. सोडा आता." मग डाव्या हाताने पाटीवर काढलेली अक्षरं दाखवून म्हणाली, "बघा काकू, पहिलीतल्या पोरांपेक्षा वाईट. आता तीच मला ओरडतील."

हेमा त्या वेड्यावाकड्या 'क'कडे बघत राहिली. सांगायचं ठरवूनच ती आली होती. पण तेल मी घातलं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर तिचं एकटीचं नव्हतं. ज्या गोष्टीवर ती दोन वर्षं पदर घालत आली, तीच उघडी करून ठेवावी लागणार. ती नारळाची वडी डब्यातून काढून ठेवून परत आली.

गॅरेज श्रीपतींनी त्या दिवसापासून उघडलं नाही. फळीवरची हत्यारं पुसून पोत्यात बांधली. देवरूखचा कोणी आला, त्याला "होत नाही आता" एवढंच सांगितलं. गावात पसरलं होतंच. श्रीपतीला हल्ली भान राहत नाही म्हणे, ब्रेकवर तेल सांडून ठेवलं. बहिरा म्हणाले असते, त्यापेक्षा हे त्यांना बरं वाटलं, की तिला झाकण्यासाठी त्यांनी हे अंगावर घेतलं? हेमाने खूप विचार केला. विचारायचं धाडस झालं नाही. घरात दोघं समोरासमोर जेवायची आणि मधे ती बाटली असल्यासारखी गप्प असायची. हेमाने डोक्याला तेल लावणंही सोडलं होतं.

रहाटालाही तेल नव्हतं. तो पुन्हा ओरडायला लागला. दोन दिवस, चार दिवस. हेमा तो तसाच ओढायची. दर फेऱ्याला तो कानात घुसायचा आणि ती तो घुसू द्यायची.

एका सकाळी ती पाणी ओढत असताना श्रीपती मागे येऊन उभे राहिले. तिच्या हाताकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तोंड कशाने तरी आवळलेलं होतं तिचं. त्यांनी रहाटाच्या खांबावर तळहात टेकवला. "ओढ," म्हणाले. तिने ओढलं. खांबातून बारीकशी थरथर त्यांच्या हाताला लागली असावी.

"ओरडतोय ना?"

हेमाने मान हलवली.

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले."

"आणि पूर्वी? मी तेल घालायचा राहिलो त्याला किती झालं?"

"दोन वर्षं."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले. "मला वाटलं, लाकूड मुरलं. गप्प झाला." मग थोड्या वेळाने, "तिच्या गाडीचा कसा होता गं? काढून दाखव."

"काय काढून दाखवू?"

"आवाज."

हेमाने आजूबाजूला पाहिलं. साठीला आलेली बाई, सकाळच्या वेळी विहिरीवर उभी राहून ती दातांतून, ओठ ताणून, जमेल तेवढी बारीक किंचाळली. शेवग्यावरचा दयाळ उडून गेला. श्रीपती तिच्या ओठांकडे बघत होते, परक्या मुलखातली भाषा ऐकावी तसे.

"एवढा मोठा?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा? होता?"

हेमाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "होता. थोडा होता."

"मग 'गेला' का म्हणालीस?"

श्रीपतींनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते उठून आत गेले. हेमाला वाटलं, आता ते तिच्याशी बोलणार नाहीत. पण ते देवळीतली बाटली घेऊन आले.

"तू खरं सांगितलं असतंस तर मी गाडी आणखी चार दिवस ठेवून घेतली असती," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मीही खरं सांगायला हवं होतं. ऐकू येत नाही म्हणून. त्या पोरीला सांगितलं असतं तर तिनेच ऐकून मला सांगितलं असतं. उद्या जाऊ तिच्याकडे. कानाचं मी सांगतो."

"तेलाचं मी सांगते," हेमा म्हणाली.

"प्रज्ञेश असताना सांग."

"हो."

आम्रपालीचा हात सरळ होणार नव्हता तो नव्हताच. पुढेही तिला फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात नेता आला नाही. ती खालच्या अर्ध्या फळ्यावर लिहायची. हेमाला हे वर्षानुवर्षं बघायचं होतं. पण त्या सकाळी ते अजून पुढे होतं. त्या सकाळी श्रीपतींनी बाटलीचं बूच काढलं, कण्याशी वाकले आणि चार थेंब सोडले.

"ओढ," ते म्हणाले. तिने ओढलं.

"गेला?"

ते तिच्या तोंडाकडे बघत होते. हेमाने नीट ऐकलं, लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून ऐकायची तसं.

"नाही गेला," ती म्हणाली. "थोडा आहे अजून."

त्यांनी आणखी एक थेंब सोडला.